वाचकांचे प्रश्न : स्टिअरिंगमधला प्ले नेमका कुठे आहे?

प्रश्न : माझा जुना मालट्रक सरळ रस्त्यावरही डावी-उजवीकडे भटकतो आणि स्टिअरिंग चार बोटे फिरवल्याशिवाय चाके दाद देत नाहीत. स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला की काम होईल, असे मला सांगण्यात आले आहे. तसे करावे का?

उत्तर : इतक्यात नको. तो स्क्रू सहज हाताशी येतो, म्हणून सगळे आधी त्यालाच हात घालतात. पण दोष बॉक्सच्या बाहेर असेल, तर स्क्रू आवळून तो जात नाही आणि धडधाकट बॉक्स मात्र खराब होतो.

आधी थोडा हिशेब पाहा. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ५ सेंटीमीटर प्ले, म्हणजे चाके न हलता होणारी मोकळी हालचाल, असेल, तर तो सुमारे १३ अंशांचा झाला. बॉक्सचे गुणोत्तर २०:१ (स्टिअरिंग २० अंश फिरले की ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून निघणारा दांडा, १ अंश फिरतो) आणि ड्रॉप आर्मची लांबी २० सेंटीमीटर धरली, तर एवढा प्ले निर्माण व्हायला खालच्या जोडांमध्ये मिळून दोन-सव्वादोन मिलिमीटरची झीज पुरते. नुसत्या नजरेला ती दिसत नाही, म्हणून ती हाताने शोधावी लागते.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना उटी (अडकण) लावावी आणि पुढची चाके सरळ ठेवून जमिनीवरच राहू द्यावीत. एकाने केबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने कॉलमच्या (स्टिअरिंगपासून बॉक्सकडे जाणाऱ्या दांड्याच्या) जोडापासून सुरुवात करून बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन्ही पुढची चाके जोडणारा दांडा) असे क्रमाने तपासत जावे. पॉवर स्टिअरिंग असेल तर ही तपासणी इंजिन चालू ठेवून करावी लागते, त्यामुळे खालच्या माणसाने पट्टे आणि पंख्यापासून हात लांब ठेवावेत. जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी तिच्यामागून उशिराने हलते, असे जिथे बोटांना जाणवेल तिथेच प्ले आहे. बॉक्स स्वतःच चासीवर सरकतो का, हेही याच वेळी पाहावे. ढिले बोल्ट किंवा बॉक्सभोवती चासीला गेलेली चीर बऱ्याचदा नजरेतून सुटते.

त्यानंतर पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवावा आणि टायर वर-खाली धरून हलवून पाहावा. खुळखुळ जाणवली, तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे : ती थांबली तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे आणि तशीच राहिली तर किंग पिनचे (ज्या खिळ्याभोवती चाक वळते त्याचे) बुश झिजले आहेत.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच बॉक्सकडे वळावे. त्यातले दाते असे घडवलेले असतात, की चाके सरळ असताना त्यांच्यातली फट सर्वांत कमी असते आणि दोन्ही बाजूंना ती वाढत जाते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालत असल्याने झीजही मधल्या जागीच जास्त होते. मधला प्ले संपेपर्यंत स्क्रू आवळला, तर वळणावर दाते अडकतात, स्टिअरिंग आपोआप परत येत नाही आणि भटकणे उलट वाढते. म्हणून ड्रॅग लिंक सोडवून, स्टिअरिंग बरोबर मध्यावर ठेवून स्क्रू अगदी थोडा फिरवावा, लॉक नट आवळावा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कुठेही अडकल्यासारखे वाटले, तर स्क्रू लगेच मागे घ्यावा.

प्रश्न : माझी जुनी कार एका बाजूला ओढते. अलाइनमेंट करूनही फरक पडला नाही. काय तपासावे?

उत्तर : दोन्ही टायरमधली हवा सारखी असेल, तर पुढचे टायर आपसात बदलून पाहावेत. ओढ बाजू बदलू लागली, तर दोष टायरचाच आहे. एरवी थोडे अंतर चालवून दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक बरेच जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही.

प्रश्न : पॉवर स्टिअरिंग असूनही ते जड लागते आणि वळवताना कण्हल्यासारखा आवाज येतो.

उत्तर : टाकीतले तेल पाहावे. ते फेसाळलेले असेल, तर तेलाची पातळी घटल्यामुळे किंवा सक्शनचा पाइप ढिला असल्यामुळे पंप हवा ओढत आहे. तेल स्वच्छ आणि पुरेसे असेल, तर पट्टा घसरतो का ते पाहावे. पट्टाही ठीक असेल, तर पुढची चाके जॅकवर उचलून इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवावे; तरीही ते कुठे घट्ट लागले, तर पंपाला दोष न देता किंग पिन किंवा बॉल जॉइंट ग्रीसअभावी सुकले आहेत का, हे आधी तपासावे.