अनुदान मिळेल, पण धंदा चालेल का?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला, बी.एस्सी. ॲग्री झालोय. फवारणीचा ड्रोन घेऊन भाड्याने चालवावा असा विचार आहे. घरचे म्हणतात, सरकारचे नियम रोज बदलतात, यात पैसे अडकवू नकोस. काय करावे?

उत्तर : घरच्यांची भीती रास्त आहे. 2014 मध्ये नागरी वापराचे ड्रोन उडवणे सरळ बंदच केले होते. ऑगस्ट 2021 च्या नियमांनी मोकळीक दिली, 25 फॉर्मचे 5 झाले. पुढच्याच फेब्रुवारीत तयार परदेशी ड्रोनची आयात बंद झाली, सुटे भाग मात्र येत राहिले. इथले कारखाने त्यामुळे तगले. शेतकऱ्याला यंत्र महाग पडते तेही माझ्या मते त्यामुळेच.

यंत्राची बांधणीसुद्धा नियमच ठरवतो. 10 लिटर टाकीचे बरेच ड्रोन भरल्या टाकीसह 25 किलोच्या जरासे आत बसवलेले असतात, कारण त्यापुढे ‘मध्यम’ वर्ग सुरू होतो आणि पायलटचे प्रमाणपत्रही त्या वर्गाचे लागते.

तुम्ही कृषी पदवीधर आहात. अवजार बँक (शेती अवजारे भाड्याने देणारे केंद्र) काढलीत तर केंद्राच्या योजनेत ड्रोनच्या किमतीच्या निम्मे, जास्तीत जास्त 5 लाख अनुदान आहे. पण ‘नमो ड्रोन दीदी’ या केंद्राच्याच दुसऱ्या योजनेत महिला बचत गटांना 80 टक्के, 8 लाखांपर्यंत ठेवले होते. तसा गट शेजारच्या गावात असेल तर त्यांचा हप्ता हलका. एकरी दरात तुम्ही त्यांच्यापुढे टिकणार नाही. म्हणून अनुदान शून्य धरून हिशेब मांडा. तरीही जमत असेल तरच घ्या. सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्क्यांवर आलाय, तेवढा आधार आहे.

द्राक्षबागेच्या भरवशावर मात्र उतरू नका. वरून मारलेले औषध मांडवाच्या आत, घडापर्यंत नीट पोहोचत नाही. तिथे ट्रॅक्टरचा ब्लोअर (हवेच्या झोताने फवारणारे यंत्र)च बरा. तुमचे गिऱ्हाईक ऊस, मका, सोयाबीन. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन माणूस शिरत नाही, तिथे ड्रोनला खरी मागणी आहे. बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उतरते, तेव्हा बांधावर जादा बॅटऱ्या आणि जनरेटर हवाच. हा खर्च कोटेशनमध्ये बहुधा दिसत नाही, वेगळा विचारून घ्या.

ओझर विमानतळ तुमच्याच तालुक्यात आहे. कुठली गावे करायची ते ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आधी बघा. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये ही मर्यादा 200 फूट आहे. फवारणीला तेवढी उंची पुष्कळ झाली. त्याहून जवळच्या गावांचे काम परवानगीशिवाय धरू नका.

आणि कोटेशनवर टाइप सर्टिफिकेटचा, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेल्या सरकारी मान्यतेचा, क्रमांक लिहून मागा. सुटे भाग जोडून स्वस्तात दिलेल्या यंत्राला तो नसेल तर नोंदणी होत नाही, अनुदानही मिळत नाही.