चारही चाकांना जोर पोहोचतो कसा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह असूनही चिखलात एकच चाक जागच्या जागी गरगरत राहिले आणि गाडी हलली नाही. मग चारही चाकांना जोर मिळतो म्हणजे नेमके काय?

उत्तर : वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल गाडीत बसवलेले असते. साधे डिफरन्शियल गतीतला फरक चालवून घेते, पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मात्र दोन्ही बाजूंना सारखाच देते, आणि तुमच्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. समजा, चिखलातले चाक ५० न्यूटन-मीटर टॉर्कला घसरू लागते; तर कोरड्या जमिनीवरच्या जोडीच्या चाकालाही तेवढेच मिळतात, इंजिन कितीही दमदार असो. पुढचे, मागचे आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या जोड्यांमधले (‘मधले’) अशी तिन्ही डिफरन्शियल साधी असतील, तर चारही चाकांचे मिळून २०० न्यूटन-मीटरच होतात, आणि रुतलेली गाडी काढायला ते बहुधा पुरत नाहीत.

यावर हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचा आधार घेतात. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेकने ४०० न्यूटन-मीटरचा विरोध केला, की ते चाक फिरवायला ४५० लागतात, आणि म्हणून त्याच्या जोडीच्या चाकालाही ४५० मिळू शकतात. यात इंजिनाची बरीच ताकद ब्रेक तापवण्यात जाते, हे खरे. शिवाय ब्रेकची पकड बसायला क्षणभर अवधी लागतो. चाक फिरताच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर यंत्रणेला काम करायला वावच उरत नाही.

प्रश्न : माहितीपत्रकात ‘गरजेनुसार १०० टक्के ताकद मागच्या चाकांना’ असे लिहिले आहे. यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : ठेवावा, पण तो आकडा कोणत्या परिस्थितीतला आहे, हे पाहून. आडवे इंजिन असलेल्या बहुतेक ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत पुढची चाके इंजिनाशी कायमची जोडलेली असतात आणि मागच्या आसाकडे जाणाऱ्या मार्गावर अनेक चकत्यांचा क्लच असतो. हाल्डेक्स हे त्यातले प्रसिद्ध नाव. संगणकाने हा क्लच पूर्ण आवळला, तरी एवढेच होते की पुढचा आणि मागचा आस एका गतीने फिरू लागतात. त्यानंतर कोणी किती टॉर्क घ्यायचा, हे टायरखालची पकड ठरवते. पुढची चाके गुळगुळीत बर्फावर असतील, तर ती जवळजवळ काहीच घेत नाहीत आणि क्लचला पेलवेल तेवढा सगळा जोर मागे जातो. कोरड्या रस्त्यावर तसे कधीच होणार नाही, आणि ‘ताकद पाठवणे’ हा जाहिरातींचा लाडका शब्दप्रयोग म्हणूनच मला फसवा वाटतो.

टॉर्सन या खास गिअरच्या डिफरन्शियलचा मार्ग निराळा आहे. १९८० च्या ऑडी क्वाट्रोत मधले डिफरन्शियल चालकाला स्वतः लॉक करावे लागे, म्हणजे पुढचा-मागचा आस एका गतीला बांधावा लागे. पुढे तिथे टॉर्सन आले. ते कमी पकडीच्या बाजूला जेवढा टॉर्क टिकतो, त्याच्या ठरावीक पटीपर्यंत टॉर्क दुसऱ्या बाजूला देते, तेही केवळ गिअरमधल्या घर्षणाच्या बळावर आणि क्षणाचाही विलंब न लावता. मात्र एका बाजूची चाके पूर्ण अधांतरी झाली, तर शून्याची कितीही पट केली तरी ती शून्यच.

प्रश्न : जुन्या धाटणीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘फोर हाय’ (चारही चाकांना जोर देणारा, नेहमीच्या वेगाचा पर्याय) वापरू नये, असे का सांगतात?

उत्तर : कारण अशा गाडीत मधले डिफरन्शियल नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबच्या वाटेने जातात, पण दोन्ही आस एकाच गतीला बांधलेले असतात. मातीत टायर थोडे घसरून हा ताण सोडवून घेतात. डांबरावर तो शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होते आणि गाडी अडखळत वळते.

प्रश्न : पुढचे दोनच टायर झिजले आहेत. तेवढेच बदलले तर चालेल का?

उत्तर : शक्यतो नको. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि मागच्या, अर्धवट झिजलेल्या टायरची ३ मिलिमीटर खोल असेल, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो. नव्या चाकाची त्रिज्या ३३० मिलिमीटर धरली, तर मागची चाके दर किलोमीटरला सुमारे ७ फेरे जास्त घेतील. गाडी सरळ रस्त्यावर असतानाही हा फरक मधल्या क्लचला किंवा डिफरन्शियलला सोसावा लागतो. क्लचच्या चकत्या एकमेकींवर घासून तापतात आणि तेल लवकर खराब होते. किती फरक चालतो, याची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावी, आणि तोपर्यंत निदान चारही टायरची हवा पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी ठेवावी.