हौदा भरण्याआधी

भाऊ, पिकअप कच्च्या रस्त्यांसाठी तयार करताय ना, मग लिफ्ट किटचं (गाडी उंच करायच्या संचाचं) नंतर बघा. आधी मूळ मापाचेच ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर घ्या; मोठे टायर मडगार्डला घासतात, चढावर इंजिनही दमतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीकडच्या तांबड्या चिखलात हवा २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरीवर येताच भरा. म्हणजे कॉम्प्रेसर सोबत हवाच.

हौद्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, सामानाला १८ मिमी मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे) खण करा. पाण्याचे कॅन, जॅक केबिनलगत, तळाशी. मागच्या फाळक्याजवळ वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि यवतेश्वर घाटात स्टिअरिंगची पकड जाते. साताऱ्याच्या पावसात प्लायच्या कापलेल्या कडा फुगून खण अडकतात, त्यांना बसवण्याआधीच इपॉक्सीचे (पाणी अडवणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या. खणांचा सांगाडा हौद्याच्या मूळ हुकांना नटबोल्टने आवळा. चेसिसला वेल्डिंग अजिबात नको, उष्णतेने पोलाद कमजोर होतं.

आणि कास पठारावर चाक घालू नका.