गिटारचा टॉप तडकला, आता मेकॅनिकलच घेऊ का?

तुझं पत्र वाचलं. नागपूर, बारावी सायन्स, मागच्या ऑगस्टमध्ये पॅकिंगच्या खोक्यातलं पाइनवुड घेऊन स्वतः अकूस्टिक गिटार बनवलीस, एप्रिलमध्ये टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, ब्रिजपासून (तारा अडकवतात त्या पट्टीपासून) खालपर्यंत भेग गेली, बाबा म्हणतात नाद सोड, मेकॅनिकल घे, आणि तू विचारतोयस की आपल्याला हात तरी आहे का.

हाताचं नंतर बघू, आधी फळी. तू लिहिलंयस की तिच्यावर डोंगर-डोंगर अशी मस्त नक्षी होती, म्हणजे ती फ्लॅट सॉन, वाढीची वर्तुळं फळीच्या पृष्ठाला जवळपास समांतर असलेली. मिलवाले ओंडका एका बाजूने सरळ चिरत जातात, माल वाया जात नाही, आणि मग बऱ्याच फळ्या अशाच निघतात. आता लाकूड सुकताना वाढीच्या वर्तुळांच्या कडेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं, आणि लांबीत जवळपास नाहीच. गिटारच्या टॉपला वापरतात त्या सिटका स्प्रूस लाकडाचे आकडे घे, ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत 7.5 टक्के विरुद्ध 4.3. फ्लॅट सॉन फळीची रुंदी वर्तुळांच्या कडेने जाते, क्वार्टर सॉनची, म्हणजे वर्तुळं पृष्ठाला काटकोनात उभी असलेल्या फळीची, गाभ्याकडून सालीकडे. म्हणजे 38 सेंटीमीटर रुंद टॉपचा ओलावा पाच टक्क्यांनी उतरला तर फ्लॅट सॉन 5 मिलिमीटर आत येणार, क्वार्टर सॉन 3. आणि आतून तू आडवे ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, चिकटवलेत, ते त्यांच्या लांबीत आकसतच नाहीत, मग तीन मिलिमीटरचा टॉप दुसरं काय करणार, तडकणारच.

पण नुसती क्वार्टर सॉन फळी आणलीस तरी भागणार नाही हं. ऑगस्टच्या दमट हवेत चिकटवलेलं लाकूड नागपूरच्या उन्हाळ्यात गेलं की तेही फाटू शकतं. चांगले मेकर खोलीतली आर्द्रता 45-50 टक्क्यांवर ठेवून ब्रेस चिकटवतात, कारण कोरड्यात जोडलेला टॉप पावसाळ्यात फार तर फुगतो. (फ्लॅट सॉन म्हणजे वाईट असंही नाही, फेंडर कंपनीच्या गिटारच्या मेपल नेक, म्हणजे दांड्या, बहुतेक तशाच असतात, आत ट्रस रॉड, म्हणजे दांडी सरळ ठेवणारी धातूची सळई, असतो.)

आता करिअर. अमेरिकेत फिनिक्सला गिटार बनवायला शिकवणारं रॉबर्टो-व्हेन स्कूल 1975 पासून आहे, पण कर्ज काढून तिकडे जायचं आत्ता अजिबात डोक्यात घेऊ नकोस. माझं मत विचारशील तर मेकॅनिकल डिप्लोमा घे किंवा आयटीआयचा कारपेंटर ट्रेड, आणि सोबत गिटार रिपेअरच्या दुकानात बस. फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) आकसून फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या तारांची, टोकं बोटाला लागायला लागली, नेक वाकली, ब्रिज उचकटला, हीच कामं रोज येतात, सुरुवातीचे पैसे त्यातच आहेत, आणि दुसऱ्याची तडकलेली गिटार उघडल्यावर जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही. सुट्टीत मिरजेला जाऊन ये, तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅग मिळालाय, वाद्यासाठी लाकूड कसं निवडतात आणि किती मुरवतात ते कारागिरांच्या शेजारी बसून बघ. बाबांनाही ने, त्यांचा विरोध कामाला नाही, पोट भरेल का याला आहे, तिथे त्यांना स्वतः चार प्रश्न विचारता येतील.

दुसरी गिटार लगेच सुरू करू नकोस. आधी सॉ मिलमध्ये जा, फळीचं टोक बघ, वर्तुळांच्या रेषा फळीच्या पृष्ठाला काटकोनात उभ्या दिसल्या तरच घे. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर काही फार महाग नसतो, तो खोलीत लाव, आकडे महिनाभर वहीत लिही आणि ते फळीच्या टोकाच्या फोटोसकट मला पाठव.