जुन्या डच छापचित्रांतली शिडाची जहाजं खरी असतात की चित्रकाराच्या कल्पनेतली?

बहुतेक खरी, पण कुणाचं चित्र आहे त्यावर अवलंबून. खात्रीचं नाव हवं असेल तर रेनिअर नूम्स. हा ‘झेमान’ अशी सही करायचा. १६५० च्या दशकात त्याने ॲमस्टरडॅमच्या बंदरातल्या जहाजांची एचिंगची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांची, मालिका काढली. त्यातलं ‘फ्लाउट’ हे मालवाहू जहाज नीट बघा: पोट फुगलेलं, वरचा डेक अरुंद, पिछाडी गोल. उथळ पाण्यातल्या सपाट बुडाच्या होड्यांना बाजूला टांगलेल्या फळ्याही दिसतील. वाऱ्याने होडी आडवी सरकू नये म्हणून त्या पाण्यात सोडत. असले तपशील घरी बसून सुचत नाहीत.

एचिंगचं तंत्रही इथे कामी आलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघ, मग पत्रा ॲसिडमध्ये. ॲसिड फक्त रेघेतलं तांबं खातं आणि त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप घेतात. मेणात सुई पेन्सिलीसारखी सहज फिरते, त्यामुळे डोलकाठीचे बारीक दोरही सुटे सुटे उठतात. एक मात्र लक्षात ठेवा, छाप उलटी येते. चित्रकाराने पत्र्यावर आधीच उलटं काढलं नसेल तर ओळखीचा किनारा आरशात पाहिल्यासारखा दिसतो.

लुडॉल्फ बाखाउझेननेही १७०१ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, अशी मालिका केली. लाटा आणि ढग अप्रतिम, पण जहाजांची जात ओळखायला शिकायचं असेल तर मी आधी झेमानच सुचवेन. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या साइटवर ही चित्रं फुकट आणि मोठ्या आकारात मिळतात. झूम करून दोर बघा.