ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवरची एक्सेल फाइल चुकून डिलीट झाली, रिसायकल बिनमध्येही नाही. परत मिळेल का?

बऱ्याचदा मिळते, पण ती तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, सर्व्हरवर शोधावी लागेल. नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल आपल्या रिसायकल बिनमध्ये येतच नाही, म्हणून तिथे दिसली नाही तरी घाबरू नका. मी ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो आणि अशा वेळी पहिला उपाय हाच करतो: फाइल ज्या फोल्डरमध्ये होती त्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि 'प्रीव्हियस व्हर्जन्स' टॅब बघा. सर्व्हरवर शॅडो कॉपी (ठरलेल्या वेळी फाइलींच्या प्रती आपोआप जपून ठेवण्याची सोय) चालू असेल तर फोल्डरच्या जुन्या प्रती तारीख-वेळेसह दिसतील. हवी ती प्रत उघडा आणि त्यातली फाइल कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवा. कृपया 'रिस्टोअर' दाबू नका! त्याने त्या फोल्डरमधल्या बाकीच्या फाइलीही जुन्या रूपात जातात आणि सहकाऱ्यांचं आजचं काम पुसलं जातं.

मात्र या प्रती सतत घेतल्या जात नाहीत. विंडोज सर्व्हरचं मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ असं असतं; कोणी ते बदललं नसेल तर फाइल डिलीट होण्याआधीच्या शेवटच्या प्रतीनंतर केलेले बदल त्यात सापडणार नाहीत. टॅब रिकामा असेल तर आयटीवाल्यांना फाइलचं नाव, फोल्डर आणि ती शेवटची कधी उघडली होती ते कळवा, म्हणजे त्यांना बॅकअपमध्ये शोधता येईल. हे आजच करा, कारण ठरलेली जागा भरली की जुन्या शॅडो कॉपी आपोआप पुसल्या जातात.