टायर-रिमचा विमा घ्यावा का? डिचोली ते पर्वरी रोजच्या प्रवासाचा हिशेब

प्रश्न: नवी हॅचबॅक घेत आहे, इंजिन ११९७ सीसी, टायर १९५/५५ आर१६, ॲलॉय रिम. डिचोलीहून अस्नोडा, म्हापसामार्गे पर्वरीला ऑफिस. जाऊन-येऊन ५५ किलोमीटर, वर्षाचं सगळं मिळून १५,००० होतील. शोरूमवाले तीन वर्षांचं टायर-व्हील पॅकेज १३,५०० रुपयांना देत आहेत आणि ते कर्जातच घालतो म्हणतात (९ टक्के, पाच वर्षं). विमा कंपनीचं टायरचं ॲड-ऑन (मूळ पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) वर्षाला १,९०० अधिक जीएसटी आहे. एक टायर ७,२०० आणि एक रिम ९,५०० असा भाव सांगितला. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) प्रीमियम ११,००० आहे. काय घ्यावं?

उत्तर:

शोरूमचं पॅकेज घेऊ नका. ॲड-ऑन घ्यायचंच असेल तर फक्त पहिल्या वर्षी, आणि त्यात रिमही धरला असेल तरच. दुसऱ्या वर्षी पॉलिसी नवी करताना ते काढून टाका. त्याऐवजी महिन्याला १,००० रुपये टायरसाठी बाजूला ठेवा.

तुमची भीती खरी आहे. १९५/५५ म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे जेमतेम १०७ मिलिमीटर. त्याच वर्गातल्या गाड्यांना येणाऱ्या १८५/६५ आर१५ टायरची भिंत १२० मिलिमीटर भरते. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की ही भिंत रिम आणि कड यांच्यामध्ये चिमटली जाते, आतले दोरे तुटतात आणि हवा रबराला बाहेर ढकलते. तोच फुगा. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. भिंत जितकी बुटकी आणि हवा जितकी कमी, तितका फुगा लवकर येतो. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, आणि साइड देताना चाक डांबराच्या तुटक्या कडेवरून खाली उतरलं की भिंत चिरली जाते. पर्वरीत उन्नत मार्गाच्या कामासाठी वळवलेल्या रस्त्यांनी कित्येकांना हे दाखवलं आहे.

आता साधी पॉलिसी काय देते ते बघू, कारण शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. ओन डॅमेजमध्ये नुसतं टायरचं नुकसान मिळत नाही. टायरसोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरची किंमत मिळते, तीही निम्मी. झीरो डेप (वयामुळे होणारी घट न कापणारं ॲड-ऑन) घेतलं तरी बहुतेक पॉलिसींत टायर त्यातून वगळलेले असतात. रिमचं तसं नाही. तो धातूचा भाग धरला जातो आणि त्याची घट गाडीच्या वयावर ठरते: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १० टक्के. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये स्वतः भरावे लागतात.

समजा आठव्या महिन्यात एका दणक्यात टायर फुटला आणि रिमला तडा गेला. टायरचे निम्मे ३,६०० आणि रिमचे ५ टक्के वजा जाता ९,०२५, मिळून १२,६२५. त्यातून १,००० वजा केले की ११,६२५ हातात. म्हणजे मोठ्या दणक्यासाठी तुम्ही आधीच बऱ्यापैकी सुरक्षित आहात. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो, आणि फटका त्याच वर्षापुरता नसतो. क्लेम नसेल तर बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. पहिल्याच वर्षी क्लेम केला तर पुढच्या नूतनीकरणांना ०, २०, २५, ३५, ४५ मिळतो. पाच वर्षांतला फरक जोडला तर एका वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या ५० टक्के होतो. तुमच्या ११,००० वर तो साधारण ५,५०० रुपये. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. तेव्हा ११,६२५ चा क्लेम करावा. अडीच हजारांत सरळ होणाऱ्या वाकड्या रिमसाठी क्लेम करू नये.

मोकळी जागा राहते ती एवढीच: रिम आणि गाडी शाबूत, फक्त टायरला फुगा किंवा चीर. ॲड-ऑन हीच जागा भरतं. ते किती भरतं हे टायरची नक्षी (खाचांची खोली) किती शिल्लक आहे त्यावर ठरतं. कंपनीगणिक तक्ता बदलतो, पण धाटणी सहसा अशी: ७ मिलिमीटरपेक्षा जास्त नक्षी असेल तर पूर्ण किंमत, ५ ते ७ ला ७५ टक्के, ३ ते ५ ला ५० टक्के, त्याखाली २५ टक्के, आणि १.६ मिलिमीटरच्या झीज-खुणेला टेकलेल्या टायरला काही नाही. तुमच्या कंपनीचा तक्ता मागवा आणि आकडे वेगळे असतील तर खालचा हिशेब त्यावर करा.

नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि आयुष्य ४०,००० किलोमीटर धरलं, तर दर ६,२५० किलोमीटरला एक मिलिमीटर झिजतो. तुमच्या धावेने पूर्ण किंमत मिळण्याचा काळ पाच महिने. तिथून सव्वा वर्षापर्यंत ७५ टक्के, म्हणजे ५,४००. मग दोन वर्षांच्या जरा पुढेपर्यंत निम्मे, ३,६००. त्यानंतर १,८००. वर्षाची सरासरी काढली तर एका टायरमागे पहिल्या वर्षी साधारण ६,१५०, दुसऱ्या वर्षी ४,०५० आणि तिसऱ्या वर्षी १,९५० रुपये मिळतील. ॲड-ऑनचा प्रीमियम मात्र जीएसटी धरून २,२४२. पहिल्या वर्षीचा दर परवडायला पावणेतीन वर्षांत एक टायर जायला हवा, तुमच्या रस्त्यावर ते अशक्य नाही. दुसऱ्या वर्षीच्या दराने पावणेदोन वर्षांत एक. तिसऱ्या वर्षी एक टायर गेला तरी प्रीमियमइतकेही पैसे परत येत नाहीत. हेच कारण आहे की तीन वर्षांचं पॅकेज एकगठ्ठा विकलं जातं. त्याचं तिसरं वर्ष ग्राहकाच्या फारसं कामाचं नसतं.

गाडी कधी घेता यानेही फरक पडतो. मे महिन्यात घेतली तर पहिला पावसाळा पूर्ण किमतीच्या टप्प्यात जातो. दसऱ्याला घेतली तर जून उजाडेपर्यंत १०,००० किलोमीटर झालेले असतात, नक्षी ६.४ वर आलेली असते आणि टायरमागे ५,४०० मिळतात. मेमध्ये घेणाऱ्याला ॲड-ऑन घ्या असं मी निःशंक सांगेन. दसऱ्याला घेणाऱ्याने रिम धरलेला नसेल तर सोडून दिलं तरी चालेल.

पॅकेजचे १३,५०० कर्जात घातले तर महिन्याला २८० रुपयांप्रमाणे पाच वर्षांत सुमारे १६,८०० होतात. संरक्षण तिसऱ्या वर्षी संपतं आणि हप्ते पुढे दोन वर्षं चालू राहतात. शिवाय अशी पॅकेजं पुष्कळदा विमा पॉलिसी नसतात, विक्रेत्याशी केलेला सेवा-करार असतो. तसं असेल तर तक्रार विमा लोकपालाकडे नेता येत नाही, ग्राहक आयोगात जावं लागतं. कागदावर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक आहे का, ते बघा. आणि विमा शोरूममधूनच घ्यावा असं बंधन नाही. नव्या कारला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची) पॉलिसी तीन वर्षांची सक्तीची आहे, पण ओन डॅमेज एका वर्षाचं घेता येतं, म्हणून ॲड-ऑनचा निर्णयही दरवर्षी नव्याने करता येतो.

ॲड-ऑन घेतलंत तर क्लेम कुठे अडतो ते नीट समजून घ्या, कारण इथेच लोकांचे पैसे जातात. पंक्चर, नेहमीची झीज, कारखान्यातला दोष, कंपनीने दिलेल्या मापाबाहेरचे टायर, रिमवरचे नुसते ओरखडे: यांपैकी काहीही सहसा धरलेलं नसतं. सर्वांत जास्त वाद होतो तो हवा नसताना गाडी चालवण्यावरून. टायर बसल्यावर पंक्चरवाल्यापर्यंत अर्धा किलोमीटर जरी ओढलात, तरी भिंतीच्या आत गोलाकार घासल्याची खूण आणि रबराचा भुगा पडतो. सर्व्हेअर टायर उतरवून तो भाग बघतो आणि नुकसान खड्ड्याने नाही, निष्काळजीपणाने झालं असं लिहितो. म्हणून जागीच थांबा आणि स्टेपनी लावा. स्टेपनी बारकी असेल तर तिच्यावर ८० च्या वर जाऊ नका. खड्डा, चाक, गाडीचा क्रमांक आणि ओडोमीटर यांचे फोटो घ्या. टायरवरचा निर्मितीचा चार आकडी शिक्काही फोटोत येऊ द्या. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. टायर बदलण्यापूर्वी कंपनीला कळवा आणि पाहणी होईपर्यंत जुना टायर टाकू नका. दणका मोठा असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्म आणि शॉक ॲब्सॉर्बरही तपासून घ्या. तिथे नुकसान निघालं तर साध्या पॉलिसीखालीही टायरचे निम्मे पैसे मागता येतात.

सर्व्हिसची बिलं जपून ठेवा. अलाइनमेंट आणि टायरची अदलाबदल दर १०,००० किलोमीटरला केल्याची नोंद असेल तर नीट देखभाल केली नाही हे कारण टिकत नाही. हवा पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पावसात जास्त पकड मिळते म्हणून हवा कमी ठेवायची असं पुष्कळजण सांगतात. त्याने खड्ड्यात फुगा येण्याची शक्यता वाढते, त्यांचं ऐकू नका. फुगा आतल्या बाजूलाही येतो आणि बाहेरून दिसत नाही. चवथीला गाव गाठण्याआधी एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली बाजू बघा, मागच्या चाकांवरून हात फिरवा.

आता त्या १,००० रुपयांबद्दल, कारण माझ्या दृष्टीने सल्ल्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. फुगा येईल की नाही हे सांगता येत नाही, पण टायर झिजणार हे नक्की आहे. ४०,००० किलोमीटर म्हणजे तुमचे ३२ महिने. त्या दिवशी चार टायरचे २८,८०० रुपये लागतील आणि कुठलाही विमा त्यातला एक रुपया देणार नाही. लोक खड्ड्याच्या भीतीने प्रीमियम भरतात आणि हा ठरलेला खर्च क्रेडिट कार्डावर टाकतात. बँकेत ३२ महिन्यांचं आवर्ती खातं उघडा: ३२,००० आणि वर व्याज जमेल. पोस्टाची आवर्ती ठेव यासाठी घेऊ नका. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. मध्ये एखादा टायर गेलाच आणि पैसे लागले तर बँकेचं खातं मोडून नवं सुरू करता येतं, नुकसान थोड्या व्याजाचं होतं. विमा कंपनी खराब झालेल्या एकाच टायरचे पैसे देते, पण गाडी अर्धी चाललेली असेल तर एका धुरीवर एक नवा आणि एक झिजलेला टायर ठेवणं ब्रेकसाठी चांगलं नसतं. जोडी बदलायची वेळ आली की दुसऱ्याचे पैसेही याच खात्यातून येतील.

३२ महिन्यांनी नवे टायर घेताना पुन्हा ॲड-ऑनचा विचार करण्याआधी दुकानदाराला एक विचारा. बाजारात काही टायरवर ठरावीक मुदतीची, खड्ड्याने झालेला फुगा आणि चीरही धरणारी वॉरंटी मिळते. ती बहुधा नोंदणी केल्यावरच लागू होते, म्हणून बिल हातात आल्याबरोबर नोंदणी करून टाका. तेव्हा भिंत जरा उंच असलेला टायर बसवायचा मोह होईल, पण गाडीच्या पुस्तकात त्याच मॉडेलसाठी दिलेल्या मापांबाहेर जाऊ नका.

सही करण्यापूर्वी विमा कंपनीकडून तीन गोष्टी ईमेलवर लिहून मागा: ॲड-ऑनमध्ये रिम आहे का, नक्षीचा तक्ता कोणता, आणि फक्त टायरचा क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो का. तिसऱ्याचं उत्तर "जातो" असं आलं तर ॲड-ऑन पहिल्या वर्षीही घेऊ नका. पाच-सहा हजारांच्या टायरसाठी पाच हजारांचा बोनस सोडण्यात काही हाती लागत नाही. क्लेम विनाकारण नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर गोवा ज्यांच्या कक्षेत येतो त्या विमा लोकपालांकडे जा. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही, मात्र ते तीन उत्तरांचं ईमेल तुमच्याकडे असलं पाहिजे.